ब्रेकफेलला दमवायची ड्यूटी

डेपोत त्याला सगळे ड्यूटीमास्तर म्हणायचे. कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी कुठल्या फेरीला न्यायची, कोण सुट्टीवर गेला तर त्याच्या जागी कोण, हे ठरवायचं काम त्याचं. साहेबांनी त्याला एक खुर्ची दिली होती, पण तिची गादी अजून दुकानातून आणल्यासारखी फुगलेली होती. माणूस बसेल तर ना! फळ्यापाशी जाऊन एक नाव पुसायचं, खिडकीतून कुणाला तरी हाक मारायची, पुन्हा फळा, पुन्हा खिडकी. पायाला भिंगरी लावून जन्माला आलेला गडी. घरही नेमकं डेपोच्या भिंतीला चिकटून, दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे डेपोतलं काम जरा हलकं झालं की हा घरी, आणि घरातलं झालं की डेपोत.

घरात आणखी दोन माणसं. बायको एका मोठ्या बेकरीत भट्टी सांभाळायची. रात्रभर पाव भाजायचे, उजाडल्यावर घरी यायचं, केसांतलं पीठ झटकायचं आणि दिवसा झोपायचं, असा तिचा उलटा संसार. आणि मास्तरचे वडील, आबा. आयुष्यभर बस चालवली, आता खिडकीत बसून दुसऱ्यांच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायचे. "वळण बघ कसं घेतलं गाढवाने," हे त्यांचं दिवसभर चालू.

या तिघांत पिल्लू आलं ते बसमधून. शेवटच्या स्टॉपवर गाडी रिकामी झाली तेव्हा मागच्या सीटखाली एका पिशवीत ते सापडलं. कंडक्टरने नियमाप्रमाणे विसरलेल्या वस्तूंच्या खोलीत जमा केलं. तिथे छत्र्या, डबे, एका पायातले बूट आणि कुणाची तरी कवळी असा सगळा माल मालकांची वाट बघत पडलेला असतो. पिल्लू काही वाट बघणाऱ्यातलं नव्हतं. त्याने छत्र्यांच्या मुठी खाल्ल्या, बूट कुरतडले आणि कवळी तोंडात धरून खिडकीत उभं राहिलं. बाहेरच्या प्रवाशांना वाटलं, कुत्रं आपल्याकडे बघून हसतंय. एक बाई चक्कर येऊन पडल्या. खोली सांभाळणारा कारकून साहेबांकडे जाऊन म्हणाला, "साहेब, एक तर ते राहील, नाहीतर मी." साहेबांनी मास्तरकडे बघितलं. कुणाची कुठे सोय लावायची हे मास्तरचंच काम होतं. त्याने पिल्लाची सोय आपल्या घरी लावली.

दार उघडताच ते टेबलाखालून, सोफ्यावरून, आबांच्या मांडीवरून, न्हाणीघरातल्या बादलीतून जाऊन समोरच्या भिंतीवर आपटलं आणि मग थांबलं. आबांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "भिंत आली म्हणून थांबलं," ते म्हणाले. "याचा ब्रेक फेल आहे." झालं. नाव पडलं ब्रेकफेल. आता डेपोला लागून असलेल्या रस्त्यावर दोन माणसं "ब्रेकफेल! ब्रेकफेल!" असं बोंबलत धावायला लागली तर काय होईल, हा विचार नाव ठेवताना करायला नको? पहिल्याच संध्याकाळी स्टॉपवरची एक गाडी खिडक्यांतून रिकामी झाली. गाडी उभी होती हो! इंजीनसुद्धा बंद होतं. तरी ड्रायव्हर सगळ्यांच्या आधी उतरला.

नावाचं एक वेळ चाललं असतं. पण बायकोच्या झोपेचं काय? ती उजाडल्यावर आडवी व्हायची आणि नेमका तेव्हाच ब्रेकफेलचा दिवस सुरू व्हायचा. पडदा ओढून खाली. ऊन थेट तिच्या डोळ्यांत. दुसरा पडदा लावेपर्यंत उशीतला कापूस घरभर. मग त्या कापसावर भुंकणं, कापूस हलला म्हणून पुन्हा भुंकणं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू काठीने छत ठोकायच्या, मग त्या ठोकण्यावर भुंकणं. त्यात मास्तर "गप! गप रे!" करत त्याच्या मागे, आणि मास्तरच्या मागे आबा, "डावीकडून घे, अरे डावीकडून घे!" एवढंसं पिल्लू, पण घर डोक्यावर घ्यायला काय वय लागतं? बायको चादर तोंडावर ओढून पडायची. काही बोलायची नाही. तिचं न बोलणं मास्तरला भुंकण्यापेक्षा जास्त ऐकू यायचं.

आणि मग एका रात्री कामावर तिने केकच्या मिश्रणात साखरेच्या जागी मीठ ओतलं. एका केकमध्ये नव्हे, सगळ्या घाण्यात. ते केक गेले एका शाळेच्या बक्षीस समारंभाला. पहिल्या आलेल्या मुलाने एक घास घेतला आणि आपलं बक्षीस मुकाट्याने दुसऱ्या आलेल्याला देऊन टाकलं. बेकरीचे मालक तिला म्हणाले, "बाई, पुन्हा असं झालं तर भट्टी मी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देईन." भट्टी म्हणजे तिचा जीव. साचे पुसण्यापासून सुरुवात करून त्या बेकरीत भट्टीपर्यंत पोचलेली ती पहिली बाई. बाकीच्यांना घड्याळ लागायचं, तिला नुसत्या वासावरून कळायचं की पाव झाला.

त्या दिवशी घरी येऊन तिने पिशवी भरली.

"मी ताईकडे जातेय," ती म्हणाली.

"अगं, पण किती दिवस?"

"या घरात मला दिवसा झोप लागेल असं होईपर्यंत."

"आणि नाही झालं तर?"

ती चपला घालत होती. तिने वर बघितलं नाही. "तर तिकडूनच कामावर जात राहीन. भट्टी सोडणार नाही मी. आणि हे बघा, फोन करू नका. मी झोपलेली असेन."

जाताना तिने वाकून ब्रेकफेलच्या डोक्यावरून हात फिरवला, आबांना सांभाळून राहा म्हणाली, आणि जिना उतरून गेली. भांडून गेली असती तर मास्तरला कळलं असतं काय करायचं. भांडणाऱ्या माणसाची समजूत काढता येते. ही शांतपणे गेली. त्याचं बायकोवर फार प्रेम होतं, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तो जे काही करणार आहे त्यावरून तुमचा गैरसमज व्हायचा.

"पिल्लू कुणालातरी देऊन टाकू का, आबा?" त्याने विचारलं.

"सूनबाईने देऊन टाका म्हटलं का?" आबा उखडले. "नाही ना? मग तू कोण शहाणा लागून गेलास? याला झोपायला शिकव."

जनावरांच्या डॉक्टरने ब्रेकफेलचे दात बघितले, कान बघितले, तेवढ्यात ब्रेकफेलने डॉक्टरचा स्टेथोस्कोप खाल्ला. "तब्येत उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला. "अंगात रग आहे, ती जिरत नाही, एवढंच. भरपूर व्यायाम द्या. दमवा त्याला. दमलं की आपोआप झोपेल." आता हा सल्ला चुकीचा होता असं नाही. सल्ला चुकीच्या माणसाला दिला होता, इतकंच.

मास्तर तडक डेपोत गेला, फळा पुसला आणि नव्याने ड्यूट्या लावल्या. उजाडताना ब्रेकफेलला घेऊन मैदानावर पळायची फेरी त्याची स्वतःची. मग आबांची, चेंडू फेकायची. मग ज्या ड्रायव्हरची गाडी उशिरा सुटते त्याने तळ्याला वळसा मारून आणायचं, त्याच्याकडून दुसऱ्या ड्रायव्हरने पट्टा हातात घ्यायचा, तो थेट टेकडी. दुपारी वर्कशॉपातले मेकॅनिक जिना चढउतार करायला. संध्याकाळी पुन्हा मास्तर. ड्रायव्हर लोकांनी आधी कुरकुर केली, पण मास्तरने डोळा बारीक करून लांबच्या खडबडीत रस्त्याच्या फेऱ्यांचं नाव काढलं आणि सगळ्यांना एकदम कुत्री आवडायला लागली.

आता मला सांगा, रोज व्यायाम केला की काय होतं? शरीर घडतं! ही एवढी साधी गोष्ट फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाच्या डोक्यात आली नाही. सुरुवातीला ब्रेकफेल टेकडी चढून आला की जरा धापा टाकायचा. मास्तरचा जीव भांड्यात पडायचा. मग त्याचं धापा टाकणं बंद झालं. मग तो टेकडी चढून यायचा आणि दुसऱ्यांदा जायचं म्हणून ड्रायव्हरची पँट ओढायचा. मांड्या अशा भरल्या की आबा कौतुकाने म्हणाले, "पिकअप बघ रे काय घेतोय!" मास्तरने फेऱ्या वाढवल्या. ब्रेकफेल आणखी तयार झाला. मास्तरने आणखी वाढवल्या. दमत होती ती माणसं. एका ड्रायव्हरने स्टॉप आल्यावर बेल वाजवणाऱ्या प्रवाशाला "बैस खाली, शहाणा ना तू" म्हणून चुचकारलं. दुसऱ्याने सिग्नलला स्टिअरिंगवर डोकं टेकवलं ते मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून उठवलं. मेकॅनिक गाडीखाली झोपायचे तर झोपूनच राहायचे. माणसं कमी पडायला लागली तेव्हा मास्तरने स्टॉपवरच्या रांगेकडे बघितलं. गाडी यायला वेळ आहे ना? मग तोवर एकेकाने याला चौकापर्यंत पळवून आणा. लोक पळवायचे! रांगेत उभं राहिलेल्या माणसाला काहीही सांगा, पुढे सरकायला मिळणार असेल तर तो करतो.

शेवटी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "मास्तर, हा डेपो आहे की तालीम?" असं काहीसं ते कडक आवाजात म्हणणार होते. पण त्याआधी त्यांनी दारातून फळा बघितला, आणि दुपारच्या जिन्याच्या फेरीपुढे त्यांचं स्वतःचं पद लिहिलेलं होतं. फळ्यावर लागलेली ड्यूटी कुणीही, कोणत्याही सबबीवर नाकारू नये, असा हुकूम साहेबांनीच काढलेला. सहीसकट भिंतीवर चिकटवलेला. त्यांनी हुकूम वाचला, फळा वाचला, पुन्हा हुकूम वाचला आणि बूट काढायला लागले.

त्याच आठवड्यातली ती दुपार. मास्तर धापा टाकत घरी आला तर सोफ्यावर आबा तोंड उघडं टाकून झोपलेले. जमिनीवर दोन ड्रायव्हर एकमेकांच्या पायांवर डोकी ठेवून. दाराशी साहेब, टाय सैल करून, पायपुसण्यावर. जिन्यात शिंपीणकाकू, गळ्यात मापाची टेप, कारण त्या तक्रार करायला वर आल्या होत्या आणि मास्तरने त्यांच्याही हातात पट्टा दिला होता. सगळं घर झोपलेलं. आणि त्या सगळ्यांवरून उड्या मारत, तोंडात स्वतःचाच पट्टा धरून, एकेकाच्या नाकाला नाक लावून ब्रेकफेल विचारत होता की पुढची पाळी कुणाची?

मास्तरने भिंतीला पाठ टेकली. त्याला रडू आलं. दिवसा झोपणाऱ्यांनी त्याचं घर भरलं होतं, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती तेवढी नव्हती.

"किती दिवस चालणार हे?" जिन्यातून डोळे चोळत शिंपीणकाकू म्हणाल्या. "माझ्याकडे एक बाई येतात, पँटचे गुडघे शिवून घ्यायला. कुत्र्यांना शिकवतात. दिवसभर जमिनीवर बसायचं काम, त्यामुळे गुडघे जातात. त्यांना बोलवा. नाहीतर मी घर बदलते."

शिकवणाऱ्या बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. आधी त्या बालवाडीत होत्या. "मुलांपेक्षा कुत्री बरी," त्या म्हणाल्या, "यांचे आईबाप भेटायला येत नाहीत." खिशात टोस्टचे तुकडे होते, त्यातला एक त्यांनी स्वतःच तोंडात टाकला. मग मास्तरकडून सगळी हकिगत ऐकून घेतली. टेकडी, तळं, जिना, साहेब.

"अहो, कोवळी हाडं आहेत त्याची!" त्या ओरडल्याच. "एवढं पळवतात का? तुम्ही याला झोपवायला निघालात आणि पैलवान करून ठेवलात. आता याला शर्यतीला न्या, मला कशाला बोलावलं?"

मास्तर ओशाळून उभा राहिला.

"फिरायला न्यायचं, पण सावकाश. त्याला पाहिजे तिथे पाहिजे तितका वेळ हुंगू द्यायचं. पायाने दमण्यापेक्षा ते नाकाने जास्त दमतं. घरी आलं की थोडा वेळ शिकवणं. खाली बैस, थांब, ये. जमलं की तुकडा. आणि मग ही सतरंजी." त्यांनी खोलीच्या मधोमध सतरंजी अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या. "इथे बसून काहीही करायचं नाही."

"काहीही नाही म्हणजे नेमकं काय करायचं?" मास्तरने विचारलं.

बाईंनी नुसते हात मांडीवर ठेवले. ब्रेकफेल त्यांच्याभोवती गोल फिरला, भुंकला, केस ओढले, पदर नव्हता म्हणून बाही ओढली. बाई दगडासारख्या बसून. शेवटी कंटाळून तो आडवा झाला आणि त्याने एक सुस्कारा सोडला. सुस्काऱ्यासरशी त्याच्या पुढच्या पायांत टोस्टचा तुकडा येऊन पडला. शाबास नाही, गोंजारणं नाही, काही नाही. आबा खिडकीतून हे सगळं बघत होते. "न्यूट्रल," ते हळूच म्हणाले.

"आता तुम्ही," बाई मास्तरला म्हणाल्या.

मास्तर बसला. लगेच उठला, पडदा वाकडा होता. बसला. उठला, नळ टपकत होता. बसला, तर गुडघा आपला आपण हलायला लागला, आणि तो गुडघा हलताना बघून ब्रेकफेलचे कान उभे राहिले, शेपूट उभी राहिली आणि सगळं पिल्लूच सोफ्यावरून पलीकडे गेलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

"पट्टा आणा."

मास्तरने आणला. बाईंनी एक टोक टेबलाच्या पायाला बांधलं आणि दुसरं मास्तरच्या मनगटाला. "अहो, कुत्र्याला बांधायचा ना?" मास्तर म्हणाला. "कुत्र्याला कशाला?" बाई म्हणाल्या. "ते बिचारं तुम्ही उठलात की उठतं." टोस्टच्या तुकड्यांची वाटी आबांच्या हातात दिली आणि सांगितलं, दोघांत जो निवांत होईल त्याला एक द्यायचा. आबा न्यायाचे पक्के. पहिले काही दिवस सगळे तुकडे ब्रेकफेलने खाल्ले. मास्तरला एकही मिळाला नाही.

अवघड होतं हो ते! टेकडी चढणं परवडलं. बसल्या बसल्या मास्तरच्या डोक्यात भलभलतं यायचं. गॅस बंद आहे ना? तळ्यावरची गाडी सुटली का? आणि हे सगळं मागे पडलं की मग बायको यायची. ती आत्ता काय करत असेल? परत येईल का? आणि तिकडेच राहायचं ठरवलं असलं तर? मग त्याला उठून काहीतरी, काहीही करावंसं वाटायचं. पट्टा ताणला जायचा, टेबल खडखडायचं, ब्रेकफेल दचकून उभा. पुन्हा पहिल्यापासून. पण बायको परत यायला हवी असेल तर हा एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर चालायचं नव्हतं, बसायचं होतं. तो बसला. कधीतरी गुडघा हलायचा थांबला. कधीतरी एक लांब श्वास बाहेर पडला, आणि मांडीवर टोस्टचा तुकडा येऊन पडला. मास्तरने मान वळवून बघितलं. आबा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे डोळे भरलेले होते.

डेपोत मात्र घबराट पसरली, कारण मास्तर खुर्चीवर बसलेला दिसला. एका ड्रायव्हरने नाडी बघितली. दुसरा डॉक्टर आणायला निघाला. "काही झालं नाही रे, बसलोय," मास्तर म्हणाला. त्या दिवशी गाड्या सुटल्या. सगळ्या, वेळेवर. मास्तर न उठता, न ओरडता. हे बघून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्याला थोडं वाईटच वाटलं.

आणि एका सकाळी फिरून, हुंगून, थांबून-बसून झाल्यावर ब्रेकफेल सतरंजीवर आडवा झाला, पाय ताणले आणि झोपला. खाली शिंपीणकाकूंचं मशीन धडधडत होतं, रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. कान हलला, डोळा उघडला नाही. ऊन सतरंजीवरून सरकून भिंतीवर गेलं तरी झोपलेलाच. मास्तरने मनगटाचा पट्टा सोडला आणि मांजराच्या पावलांनी जिना उतरून बायकोला आणायला गेला.

मेहुणीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. साडूचा धंदा पत्र्याच्या पेट्या आणि बादल्या बनवायचा, आणि कारखाना कुठे, तर घराच्या पुढच्याच खोलीत. वळणावरूनच आवाज यायला लागला. ठाण, ठाण, ठाण! साडू आणि त्याचे दोन कारागीर पत्रा ठोकत होते. आत टीव्ही चालू. मेहुणीचा पोपट शिट्ट्या मारतोय. इथे बोलायचं तर समोरच्याच्या कानात तोंड घालूनच.

"ताई, ती कुठे आहे?" मास्तर ओरडला.

"झोपलीये!" मेहुणी ओरडली.

"इथे?"

मेहुणीने बोट दाखवलं. पेट्या रचून ठेवल्या होत्या तिथे, पत्र्याच्या ढिगाला लागून एक कॉट, आणि त्यावर त्याची बायको. चादर अर्धी खाली, एक हात लोंबतोय, तोंड किंचित उघडं. साडूने दर वेळी हातोडा मारला की कॉट हादरत होती. ती नाही.

"पहिल्या दिवसापासून अशीच झोपते हो, भाऊजी!" मेहुणी त्याच्या कानात म्हणाली. "आम्हाला तर भीतीच वाटली होती."

मास्तर तिथेच एका बादलीवर बसला. जेवायच्या वेळी ठोकणं बंद झालं आणि तेव्हा कुठे बायकोने डोळे उघडले. समोर नवरा बसलेला. नुसता बसलेला. तिला आधी वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत.

"ब्रेकफेल दिवसा झोपतो आता," मास्तर म्हणाला. "न्यायला आलोय. पण तू तर या ठणठणाटात झोपतेस. मग घरी काय झालं होतं?"

ती उठून बसली. केस मागे घेतले. सांगू की नको असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"भाऊजी ठोकतात," ती म्हणाली, "पण ठोकताना मला काही विचारत नाहीत. तुम्ही दार उघडता. झोप लागली का? पंखा वाढवू का? चादर देऊ? मग जाता. मग पुन्हा दार. लागली का आता? डोळा लागतोय न लागतोय तोच दार. मी पडून दाराचीच वाट बघत असते. कुत्रं आत्ता आलं हो. मी लग्न झाल्यापासून त्या घरात दिवसा धड झोपलेली नाही."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

"काय बोलणार?" ती म्हणाली. "चादर घालायला आलेल्या माणसाला कुणी जा म्हणतं का? किती प्रेमाने यायचात तुम्ही. कुत्र्याच्या नावाने बोटं मोडता येतात, म्हणून म्हटलं, चला, हे बरं झालं."

आपण प्रेमच करत होतो आणि त्याच प्रेमाने तिची भट्टी जायची वेळ आली, हे मास्तरला भरदिवसा बादलीवर बसून कळलं. त्याने फक्त तिची पिशवी उचलली आणि विचारलं, "येतेस?" ती चपला शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, केसांतलं पीठ झटकलं, ब्रेकफेलला थोपटलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मास्तर बाहेर सतरंजीवर बसला. ब्रेकफेल त्याच्या मांडीला पाठ लावून आडवा झाला आणि बघता बघता झोपला. आबा खिडकीत. घरात चिडीचूप.

मास्तरचा जीव खालीवर होत होता. झोपली असेल का? पंखा पुरेसा आहे का? आज उकडतंय. एकदा, एकदाच, अगदी अलगद दार लोटून बघितलं तर? बघून लगेच परत. तिला कळणारही नाही. त्याचे तळवे जमिनीला टेकले, अंग पुढे झालं. ब्रेकफेलचा एक कान हलला. मास्तर तसाच थांबला आणि हळूहळू मागे टेकून बसला. डोळे मिटून घेतले. दाराकडे बघितलंच नाही.

आणि मग दारामागून एक आवाज आला. आधी त्याला कळेना कसला. खालचं मशीन? रस्त्यावरची गाडी? आवाज खरखरत वर चढला, शिट्टीसारखा बारीक होऊन उतरला आणि पुन्हा खरखरत चढला. बायको घोरत होती. चांगली ढाराढूर, सगळा पलंग गाजवत घोरत होती. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि आपली बायको घोरते हे मास्तरला ठाऊकच नव्हतं.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पुसायलाही त्याने हात हलवला नाही.

"काय रे, काय झालं?" आबांनी खिडकीतून हळूच विचारलं.

"काही नाही, आबा," मास्तर म्हणाला. "बसलोय."